बाजूच्या सीटवरचं वजन

१

रविवारी सकाळी यशराजचं विमान चोरीला गेलं, आणि ते गेलंय हे त्याला कळलं परक्या माणसांच्या अभिनंदनातून. "भाई, फुकटात वाटलंस? दिलदार आहेस!" फोनवर असे निरोप एकामागून एक येत होते.

कामोठ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात विमान कुठून असणार? हे विमान संगणकातलं. घरबसल्या सिम्युलेटरवर विमान उडवायचा नाद असलेली माणसं जगभर पसरली आहेत. त्यांना खेळ नको असतो, खऱ्यासारखं खरं हवं असतं. सिम्युलेटरमध्ये वरून जोडायचं असं एक हलकं विमान यशराज तीन वर्षं घडवत होता. चार सीटा, एक पंखा, नाव टिटवी. बॅटरी चालू ठेवून उठलात तर दुसऱ्या दिवशी ती मेलेली. जमिनीवर उभ्या उभ्या इंजिनला पेट्रोल जास्त पाजलंत की प्लग काळे. धाडकन उतरवलंत तर टायर घासलेले, आणि बदलेपर्यंत ते घासलेलेच राहणार. जिथं उभी करून उठलात, तिथंच ती पुन्हा भेटणार. टिटवी काहीच विसरत नाही, हीच तिची जाहिरात होती.

तीच टिटवी, विक्रीला यायच्या आधी, एका चोरट्या साइटवर फुकट पडली होती.

"चोरीला गेलं म्हंतोस," त्याचे वडील सयाजीआबा चहाचा कप ठेवत म्हणाले, "पन हाय की समदं हितंच. डबडं हाय, पडदा हाय."

"आबा, तुम्हाला नाही कळायचं. जा तुम्ही."

आबा गेले. वाशीच्या मार्केटात जन्मभर गोण्या वाहिलेला माणूस. "जा" म्हटलं की जायची सवय अंगात मुरलेली.

यशराजनं चोरट्या साइटवरची टिटवी उतरवून घेतली आणि उघडली. कॉकपिट पडद्यावर आलं तसा तो खुर्चीतून उठलाच. पेट्रोलचा कॉक बंद होता.

सिम्युलेटरवाले विमान उभं करून उठतात तेव्हा कॉक कुणी बंद करत नाही. करायचा एकच माणूस, धनेश. दिवाळे गावातला, खाडीकाठचा. बापाची होडी होती. होडी बांधली की डिझेलचा कॉक आधी बंद करायचा, हे त्याला लहानपणीच शिकवलेलं. टिटवीचं इंजिन, तिची चाल, तिची आठवण, सगळं धनेशनं लिहिलेलं. आणि पंधरवड्यापूर्वी तोच भांडून निघून गेला होता, सानपाड्याच्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत नोकरी लागली म्हणून.

कपातला चहा निवायच्या आत यशराजनं सिम्युलेटरवाल्यांच्या ग्रुपवर धनेशचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "पेट्रोलचा कॉक बंद आहे, म्हणजे हाच चोर. नाखव्याचं पोर, शेवटी जाळंच टाकणार." आणि तोच मजकूर त्या संस्थेलाही पाठवला.

मनात जे वर्षानुवर्षं कुजत असतं, ते रागाच्या एका ओळीत बाहेर पडतं. ती ओळ मग पुसता येत नाही.

२

सोमवारी उत्कर्षा आली ती तोफेसारखी. टिटवीचं रंगकाम तिचं. सीटवरच्या शिवणीपासून खिडकीच्या ओरखड्यापर्यंत सगळं तिनं काढलेलं. तिच्या मागून एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई आत शिरली.

"ही माझी सुनयनामावशी. अपघात झालेल्या गाड्या बघून विमा कंपनीला खरं-खोटं सांगायची. आता रिटायर झालीय. धनेशला संस्थेनं शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. नाव धुऊन आण, नाहीतर येऊ नकोस. तू त्याला संपवलंस, यश."

"त्यानं मला संपवलं त्याचं काय?"

"भांडा नंतर," सुनयनामावशी म्हणाल्या. "आधी देवाला नमस्कार करते. परक्या घरात माझी रीत आहे."

आबा भाजी आणायला गेले होते. देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, शाळिग्राम, आणि त्यांच्या ओळीत एक पेनड्राइव्ह. मावशी चष्मा वर करून बघत राहिल्या.

"हा कुठला देव?"

यशराज ओशाळला. "टिटवीची नवी प्रत तयार झाली की मी ती देवापुढे ठेवतो. आईनं लावलेली सवय. बापजाद्यांनी खंडेनवमीला अवजारं पुजली, आमचं अवजार हे."

"पूजा कोण करतं?"

"आबा. रोज."

मावशींनी बोटानं अन्नपूर्णा चाचपली. कुंकवाचे थर हाताला लागले. पेनड्राइव्ह मात्र स्वच्छ. कुंकवाचे जेमतेम दोन ठिपके, तेही ताजे. त्यांनी टोपण काढून आतल्या पत्र्याकडे पाहिलं, टोपण लावलं, आणि नमस्कार करून बाहेर आल्या.

"या प्रती आणखी कुणाकडे?"

"धनेश, उत्कर्षा, आणि चाचणीला निशांत. चौथी माझी. माझ्या संगणकाला पासवर्ड आहे."

"गाडी कुणी चालवली ते सीट सांगते, अशी आमच्या धंद्यातली म्हण. ड्रायव्हर बदलला म्हणून खोटं सांगणारे खूप. पण बुटका माणूस सीट पुढे ओढतोच. तुझ्या विमानाची सीट कुठंय?"

यशराज हसला. "मावशी, सिम्युलेटरमध्ये उंच-बुटका नसतो. सीट कुणीही कुठेही ठेवतो. तुमची युक्ती इथे चालायची नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या. त्यांना मुळीच वाईट वाटलेलं दिसलं नाही. "कॉक बंद दिसल्यावर तू आणखी काय काय पाहिलंस?"

"आणखी कशाला पाहायचं?"

"तेच म्हणते मी. हवं ते सापडलं की माणूस शोधायचा थांबतो."

३

निशांत खऱ्या विमानाचं शिक्षण घेत होता आणि दिवसातून दहा वेळा ते सांगत होता. खांदेश्वर स्टेशनबाहेर वडापाव खातच तो बोलला.

"मी? मॅडम, मला लीक करायचंच असतं तर माझ्या चॅनलवर केलं असतं, माझ्या थोबाडासकट. गुपचूप काही करणं माझ्या तब्येतीला झेपत नाही."

"विमान उडवताना बाजूला कुणाला बसवतोस?"

"खेळात? बाजूच्या सीटवर वजन टाकता येतं, पण मी कशाला टाकू? माझं एकट्याचंच वजन टाकलं की टिटवी रडते." स्वतःच्याच विनोदावर तो एवढा हसला की चटणी शर्टावर सांडली.

उत्कर्षाची चौकशी मावशींनी गाडीतच उरकली. "तुझं नाव टिटवीच्या नावांच्या यादीत या यशराजनं शेवटी टाकलं म्हणून तू रुसली होतीस. खरं?"

"रुसले होते. अजून रुसलेय. म्हणून काय स्वतःचं काम कचऱ्यात फेकू? त्या सीटची एकेक शिवण मी काढलीय, मावशी."

यशराज समोरच्या रस्त्याकडेच बघत राहिला. गाडी दिवाळ्याला पोचली, तेव्हा तो उतरलाच नाही. "तुम्ही जाऊन या," म्हणाला.

धनेशचं घर जेट्टीच्या रस्त्यालाच. दारात सुके बोंबील वाळत होते. मावशी आत गेल्या. काचेतून यशराजला धनेश दिसला. दाढी वाढलेली, खाली मान. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. त्यानं काच खाली केली. धनेशची आई, कमळी. हातात माशांची पाटी.

"गारीन का बसलास रं? माज्या घरान तीन वर्स जेवलास. तवा वास नाय आला, आता येते?"

"तसं नाही, आई..."

"आई नको बोलू. नाखव्याची बाय बोल." ती पाटी सावरून निघून गेली.

यशराजचे कान तापले. त्यानं काच वर केली. काच वर करून काय होतं?

मावशी परतल्या आणि दार लावून बसल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मी नाय केलं. मी विचारलं, मग कुणी केलं ते ठाऊक आहे? तर म्हणाला, अंदाज हाय. पन सांगनार नाय. नोकरी गेली तरी सांगनार नाय."

"म्हणजे साथीदार आहे!"

"म्हणजे तो कुणालातरी झाकतोय," मावशी म्हणाल्या. "आणि हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, यशराज. तुझ्या गाडीकडे बघत होता."

४

संध्याकाळी कामोठ्याच्या घरात सगळे जमले. धनेश यायला तयार नव्हता. त्याच्याशिवाय मावशी, उत्कर्षा, निशांत. आबा आत कांदा चिरत होते. चोरट्या साइटवरची टिटवी पडद्यावर उघडली.

"ही प्रत शेवटच्या माणसानं उडवून ठेवली, तशीच्या तशी आहे ना?" मावशींनी विचारलं.

"हो. टिटवीची आठवण तिच्याच फोल्डरमध्ये राहते. विक्रीआधी ती पुसायची होती. फोल्डर उचललं की आठवणही बरोबर जाते."

"म्हणजे अपघातानंतर कुणी हात न लावलेली गाडी. देवानंच दिली. उभी कुठंय?"

यशराजनं बाहेरचं दृश्य लावलं. लहानशी धावपट्टी, मागे डोंगर. "कराड," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला. "आम्ही सगळे जुहूवरून उडतो. कराडची पट्टी मी बनवलेली, पण तिथं कुणी जात नाही."

"कशासाठी बनवलीस?"

"गाव तिकडचं आमचं. असंच."

मावशींनी ते 'असंच' ऐकलं आणि बाजूला ठेवलं. "आता मला बाजूच्या सीटवर बसव."

यशराजनं दृश्य उजवीकडे सरकवलं. रिकामी सीट. उत्कर्षानं काढलेली शिवण.

"थांब!" उत्कर्षा ओरडली. "झापड बघ. उन्हाचं झापड. बाजूच्या सीटचं खाली केलंय. पायलटचं वरच आहे."

"आणि हवेचं भोक?" मावशींनी विचारलं.

"बाजूचं बंद. पायलटचं उघडं." निशांत पुढे झुकला. "हीटरही चालू आहे. मार्चमध्ये हीटर? कोण येडा आहे?"

खेळ आहे हा. बाजूला कुणी बसत नसतं. तिथं ऊन लागत नाही, वारं लागत नाही. तरी कुणीतरी त्या न बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून झापड खाली केलं होतं.

"वजनाचं पान उघड," मावशी हळू म्हणाल्या.

यशराजनं उघडलं. माणूस बसवला की टिटवी आपणहून सत्त्याहत्तर किलो धरते. इथे तो आकडा खोडून दुसरा घातला होता.

एक्केचाळीस.

"एक्केचाळीस किलोचा माणूस कोण असतो?" निशांत म्हणाला. "उत्कर्षा?"

"गप रे. मी बावन्न."

"चाचणीला असा आकडा कुणी घालत नाही," यशराज म्हणाला. "आम्ही भरपूर वजन घालून बघतो, टिटवी उचलते का ते. एक्केचाळीस कुणी कशाला..."

आत कांदा चिरायचा आवाज थांबला होता.

५

"मी सांगते," मावशी म्हणाल्या. "चुकलं तर सांग. कॉक बंद करायची सवय धनेशची, हे बरोबर. पण सवय शिकवताही येते. आई चूल विझवून उठते, तशी मुलगी उठते. तेव्हा उडवणारा धनेश, किंवा धनेशनं शिकवलेला कुणी. धनेशला कराडचं काय पडलंय? त्याला उडवायचं असतं तर खाडीवरून उडवलं असतं. कराड या घराचं. प्रत कुठली? तुझ्या यंत्राला कुलूप. पण एक प्रत बिनकुलपाची, देवासमोर. रोज कुंकू लागतं तिथं, आणि तीच एक वस्तू पुसलेली. तिचं टोपण मी काढलं तर आतल्या पत्र्याला कुंकू. पुसून कुठंतरी खुपसली, पुसून परत आणून ठेवली. आणि परत कोण ठेवतं, यशराज? चोर ठेवत नाही. ज्याला आपण चोरी केली असं वाटतच नाही, तो ठेवतो."

यशराजला कळलं होतं. मावशींनी त्याच्या तोंडून कराड वदवलं तेव्हाच ते मनात येऊन गेलं होतं. त्यानंच ते दाबून धरलं होतं.

आबा दारात उभे होते. हातात सुरी तशीच.

"धनेसला काय झालं?" ते म्हणाले. "तू तर म्हनलास त्यो नव्या नोकरीवर गेला."

उत्कर्षानंच सांगितलं. फोटो, ती ओळ, संस्थेचा शुक्रवार. सगळं.

आबांनी सुरी फ्रिजवर ठेवली आणि जमिनीवरच बसले. "माज्यामुळं? अरं, मी परत आनून ठिवली हुती की ती! जशीच्या तशी. नाक्यावरच्या सनीच्या गेमच्या दुकानात नेली, त्याच्या डबड्यात लावली, इमान उडीवलं, परत आनून देवापुढं ठिवली. नेलेली वस्तू परत ठिवली तर चोरी कशी हुईल?"

"शिकवलं कुणी तुम्हाला?" यशराजनं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"धनेसनं. तू कामाला भाईर गेलास की त्यो लॅपटॉप मांडायचा. म्हनायचा, आबा, आधी कॉक, मग बाकी. उतरल्यावर आधी कॉक. त्यो गेल्यावर कुनाला इचारनार? तुला इचारलं हुतं. तू म्हनलास, आबा, हात लावू नका."

उत्कर्षानं तिथल्या तिथं आबांकडून नंबर घेऊन सनीला फोन लावला. आधी सनीनं उडवाउडवी केली, मग म्हणाला, हो, आजोबांनी लावलेली चीज भारी वाटली, मशीनवर राहिली, टाकली साइटवर, त्यात एवढं काय टेन्शन. तिनं फोन कापला.

"आबा," यशराज म्हणाला. त्याला हे विचारायचं नव्हतं. "एक्केचाळीस कुठून आणलं?"

आबांनी दोन्ही हात पुढे केले. पालथे नव्हे, उताणे. काहीतरी आडवं धरल्यासारखे.

"न्हानीत न्यायचो की तिला. शेवटी शेवटी रोज. पन्नास किलोची गोनी जलमभर उचलली. हाताला कळतं. तुजी आई गोनीपेक्षा नऊ किलोनं हलकी हुती." मग जरा थांबून, "थंडी वाजायची तिला. उन्हाचा डोळ्याला तरास. तू म्हनला हुतास तिला, टिटवी झाली की गाव वरनं दावतो. झाली न्हवं टिटवी? मग म्हनलं, न्हेऊन आनावी."

निशांत खिडकीबाहेर बघायला लागला. उत्कर्षानं तोंडावर ओढणी धरली.

त्या दिवसांत यशराज याच खोलीत, दार लावून, कानांवर हेडफोन घालून कराडची पट्टी बनवत होता. पलीकडे शालनला, त्याच्या आईला, आबा उचलत होते. पट्टी तिच्यासाठीच बनत होती, हे खरं. आणि तिचं वजन किती उरलंय हे त्याला ठाऊक नव्हतं, हेही खरं. पहिल्या खऱ्याच्या आड दुसरं त्यानं इतके महिने लपवलं होतं.

"ग्रुपवर माजं नाव घाल," आबा म्हणाले. "सांग, म्हाताऱ्यानं केलं."

६

मंगळवारी सकाळी यशराज आधी सानपाड्याला गेला. संस्थेच्या साहेबासमोर उभं राहून म्हणाला, "मी खोटं लिहिलं. धनेशचा काही संबंध नाही. प्रत माझ्या घरातून गेली." चपलेला लागलेल्या घाणीकडे बघावं तसं साहेबानं त्याच्याकडे बघितलं, आणि धनेशला फोन लावला. नोकरी वाचली.

मग दिवाळे. या वेळी तो गाडीतून उतरला. कमळी मासे निवडत होती, तिनं मान वर केली नाही. धनेश दारात आला, पण आत ये म्हणाला नाही.

"तुला ठाऊक होतं," यशराज म्हणाला. "मला एक फोन करायचास."

"कॉक बंद हाय बोललास ग्रुपवर, तवाच समजलं. फोन करून काय बोलू? तुजा बाप चोर हाय? मला चोर बोललास ते मी सोसलं. आबांना तू कसा बोलला असतास ते मला म्हाईत हाय ना."



"आबा म्हणतात ग्रुपवर त्यांचं नाव टाक."

"टाकलंस तर मीच लिवीन मी केलं म्हनून. तुजं तू बघ."

यशराजनं तिथंच, त्याच्या दारात उभं राहून फोन काढला. ग्रुपवर धनेशचा फोटो होता तेवढ्याच आकाराचा आपला फोटो टाकला. खाली लिहिलं, "टिटवी माझ्या घरातून, माझ्या हलगर्जीपणानं गेली. धनेशवर मी खोटा आळ घेतला. जाळ्याबद्दल लिहिलं ते नीचपणाचं होतं. चोर शोधत असाल तर हा चेहरा बघा." धनेशनं फोन हातात घेऊन ते वाचलं आणि परत दिला.

"परत येशील?" यशराजनं विचारून बघितलं.

"नाय."

कमळी माशांवरून नजर न उचलता म्हणाली, "पोराला चा दे, नी जाऊ दे."

चहा झाला. उभ्या उभ्या. यशराज पायरी उतरला तेव्हा मागून धनेशचा आवाज आला.

"आबा नीट उतरले का रं कराडला? मी असताना आपटायचे. ते काय जमेना त्यांना."

"मी... बघितलं नाही."

"टायर बघ ना मग. ती विसरत नाय."

घरी आल्यावर यशराजनं कुणाशी न बोलता ती प्रत उघडली. कराड. मागे डोंगर. दृश्य खाली सरकवून त्यानं चाकं बघितली. हलकं विमान शिकणाऱ्याच्या हातून आपटतंच. निशांतचंही आपटतं, यशराजचंही. टायर घासतात, काळा पट्टा पडतो.

या टायरांवर एक ओरखडा नव्हता. आजारी माणूस बाजूला बसवून उतरवावं, तसं कुणीतरी ते उतरवलं होतं.

विक्रीआधी ही आठवण पुसायची होती. यशराजचा हात माऊसवर गेला, आणि तिथंच राहिला. आत देव्हाऱ्यापुढे आबा कुंकू लावत होते. त्यानं माऊस सोडला, खुर्ची मागे सारली आणि उठला.

"आबा," तो दारात जाऊन म्हणाला, "मला तसं उतरवायला शिकवाल का?"

आबा लगेच वळले नाहीत. त्यांनी पेनड्राइव्हवर ठिपका लावला, बोट पुसलं.

"शिकीवतो," ते म्हणाले. "पन आधी धनेसला इचार. गुरू त्यो हाय."